‘मॅक्रो १ सेंमी’च्या पुढचंही छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पेपरात नव्या कॅमेऱ्यांची माहिती येते तेव्हा कॉम्पॅक्टच्या, म्हणजे लेन्स न बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांच्या रकान्यात ‘मॅक्रो १ सेंमी’ नाहीतर ‘मॅक्रो ५ सेंमी’ असा एक आकडा असतोच असतो (मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो, आणि आकडा किती जवळून फोकस होतो त्याचा), आणि त्यापुढे काही नसतं. आकडा खोटा नाहीये पण अर्धवट आहे, आणि या अर्धवट आकड्यावर विसंबून कितीतरी लोक फुलांचे, किड्यांचे फोटो काढायला जातात, सगळे धूसर येतात, मग कॅमेराच बेकार असं ठरवून तो कपाटात टाकून देतात. याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्याच कॅमेऱ्यातून चतुराच्या डोळ्यावरची जाळी दिसेल असे फोटो निघू शकतात. मी बरीच वर्षं कॉम्पॅक्टवरच क्लोजअप काढतोय म्हणून एवढ्या खात्रीने लिहितोय.

तो १ सेंमीचा आकडा झूम पूर्ण मागे, म्हणजे वाईडला असतानाचा असतो. झूम पुढे नेला की सगळ्यात जवळचं फोकसचं अंतर एकदम उडी मारतं, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते ३०-५० सेंमी किंवा त्याहूनही जास्त होतं. आणि लोक नेमकं काय करतात तर फुलाच्या जवळ जातात आणि वर झूमही करतात, म्हणजे अजून मोठं दिसेल म्हणून, स्क्रीनवरची फोकसची चौकट लाल किंवा पिवळी होऊन लुकलुकत राहते, कॅमेरा बिचारा सांगतोय की जमत नाहीये, तरी बटण दाबलं जातं. दुसरीकडे, वाईडला खरोखर १ सेंमीवर गेलं तर फोकस होतो हे खरं, पण लेन्सचीच सावली फुलावर पडते, फ्लॅशचा उजेड तिथपर्यंत पोचत नाही आणि किडा असेल तर तो केव्हाच उडालेला असतो. त्यामुळे किती जवळ जाता येतं याला तसा काही अर्थ नाही, फ्रेममध्ये कमीत कमी किती रुंदीची जागा भरते आणि ती किती लांबून भरते हे खरं माप.

हे माप घरी सहज काढता येतं. साधी मोजपट्टी घ्या, कॅमेरा मॅक्रोवर टाका (फुलाचं चिन्ह असतं ते), आणि पूर्ण वाईडपासून थोडा थोडा झूम वाढवत प्रत्येक ठिकाणी जितकं जवळ जाऊन फोकस होतोय तितकं जाऊन पट्टीचा फोटो काढा. फोटोत आडवे किती मिलिमीटर मावले ते मोजा, लेन्सपासून पट्टी किती लांब होती तेही लिहून ठेवा. काही कॅमेऱ्यांत मधलाच एखादा झूम असा सापडतो की जागाही बऱ्यापैकी लहान भरते आणि अंतरही बरं मिळतं. मग तीच पट्टी तिरकी, ४५ अंशात ठेवून मधल्या एखाद्या रेघेवर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा, कुठून कुठपर्यंतच्या रेघा शार्प आहेत. हा एक फोटो बघितला की मॅक्रोतला फोकस म्हणजे काय प्रकरण आहे ते जे डोक्यात बसतं ते दहा लेख वाचून बसत नाही.

कारण तिथे दिसतं की शार्प पट्टा फार म्हणजे फारच अरुंद आहे. कॉम्पॅक्टमध्ये लहान सेन्सर (चित्र टिपणारा आतला भाग) असल्याने सगळं फोकसमध्ये येतं असं आपण ऐकलेलं असतं, ते डोंगर-झाडांच्या फोटोला लागू आहे, क्लोजअपला नाही. नेहमीचा १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद असतो. त्यावर ६ सेंमी रुंदीची फ्रेम एफ २.८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) घेतली तर शार्प भाग हिशोबाने साधारण ३ मिमी भरतो, ३ सेंमी रुंदीची फ्रेम घेतली तर १ मिमीपेक्षाही कमी. ‘१ इंची’ म्हणतात त्या सेन्सरवर, ज्याची खरी रुंदी १३.२ मिमी असते, तीच ६ सेंमीची फ्रेम घेतली तर दीडेक मिमी. म्हणजे कॅमेऱ्यासमोर एक पातळ काच उभी धरलीय असं समजा, काचेच्या जाडीत जे सापडेल तेवढंच शार्प. आणि आपण उभं राहून श्वास घेतला तरी त्याहून जास्त पुढेमागे हलतो! फोकस बरोबर लागला होता, चौकट हिरवी झाली होती, बीपही वाजला होता, आणि पूर्ण बटण दाबेपर्यंत आपणच २ मिमी पुढे सरकलो, असं बहुतेक वेळा झालेलं असतं.

दुसरी गोष्ट ऑटोफोकसची. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे काँट्रास्ट बघून फोकस करतात, म्हणजे आतली काच पुढेमागे सरकवत राहायचं आणि चौकटीतल्या कडा जिथे सगळ्यात ठळक दिसतील तिथे थांबायचं. कॅमेऱ्याला फूल कळत नाही, कडा कळतात. त्यामुळे बारीक देठावर कोळी बसलाय आणि मागे उजेड-सावलीची पानं आहेत अशा वेळी चौकट मोठी असली की तो मागच्या पानांवर जाऊन बसतो, आणि त्याच्या हिशोबाने त्याचं बरोबरच असतं. म्हणून मेनूत जाऊन फोकसची चौकट सगळ्यात लहान करा, चेहरा ओळखणं वगैरे बंद करा. तरी ऐकत नसेल तर कोळ्याच्या बाजूला, त्याच्याच अंतरावर छापील अक्षरांचा कागदाचा तुकडा धरा, अर्धं बटण दाबून फोकस लॉक करा, बटण न सोडता कागद काढून घ्या. गुळगुळीत एकरंगी पाकळीवरही कॅमेरा गोंधळतो कारण तिथे कडाच नाहीत, तेव्हा परागकोशांवर किंवा पाकळीच्या काठावर नेम धरायचा. कमी उजेडात बाजूने टॉर्च मारला तर पोत उठून येतो आणि फोकस पटकन लागतो.

फोकस लॉक करून मग फ्रेम तिरकी करायची सवय असते ना, की आधी मध्ये पकडा मग बाजूला घ्या, ती इथे सोडाच. लांबच्या फोटोला चालतं, पण इतक्या जवळ कॅमेरा जरा कलला की ती पातळ काच पण कलते आणि डोळ्यावरचा फोकस पायावर जातो. फोकसची चौकटच हलवता येत असेल तर हलवा, नसेल तर विषय मध्येच ठेवा आणि नंतर क्रॉप करा.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, जी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सहसा नसते. फोकस एकदा पक्का करायचा, मॅन्युअल असेल तर मॅन्युअलने, नसेल तर अर्धं बटण दाबून धरून, आणि मग त्याला हात लावायचा नाही, आपणच अगदी हळू पुढेमागे व्हायचं, कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवून, आणि स्क्रीनवर डोळा शार्प होताना दिसला की बर्स्टमध्ये, म्हणजे एकामागून एक भराभर, फोटो घेत सुटायचं. बरेचसे वाया जातात, जाऊ द्यात, एखादा नेमका लागतो. कडांना रंग दाखवणारं पीकिंग असेल तर ते चालू ठेवा पण त्यावर पूर्ण विसंबू नका, ते खऱ्या शार्प भागापेक्षा जाड पट्टा दाखवतं, त्यामुळे जमल्यास स्क्रीनवर तो भाग मोठा करून खात्री करायची. काढलेला फोटोही तिथल्या तिथे मोठा करून बघायचा, छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो छान दिसतात.

२ सेकंदांचा टायमर लावा असा सल्ला सगळेच देतात. ट्रायपॉडवर कॅमेरा आणि हलणारा नसेल असा विषय, तर उत्तम सल्ला आहे. पण हातात कॅमेरा धरून टायमर लावला तर त्या २ सेकंदांत आपण फोकसमधून हमखास बाहेर जातो, तेव्हा हातात असताना तो नकोच. वाऱ्याला मात्र ट्रायपॉडही काही करू शकत नाही, देठाला काडीचा आधार द्या नाहीतर वारा पडायची वाट बघा.

छिद्र लहान केलं की शार्प भाग वाढतो हे खरं, पण लहान सेन्सरवर एफ ८ ला डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून येताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो, त्यामुळे एफ ४ ते ५.६ च्या पुढे जाण्यात फार फायदा नाही, आणि काही साध्या कॅमेऱ्यांत तर छिद्र बदलतच नाही, आत काळी काच येते फक्त. त्यापेक्षा कोन बदला. फुलपाखराचे पंख मिटलेले असतील तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर धरा, अख्खा पंख एकाच पातळीत येतो. समोरून घ्यायचा असेल तर डोळे शार्प हवेत, बाकी धूसर झालं तरी चालतं.

आणि लेन्सपुढे फिल्टर किंवा अडॅप्टर लावायची सोय असेल तर क्लोजअप लेन्सबद्दल, म्हणजे पुढे लावायच्या भिंगाबद्दल, जरूर चौकशी करा, ही वस्तू उगाच दुर्लक्षित राहिलीय. +४ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबरासारखं भिंगाच्या ताकदीचं माप) लेन्स लावली आणि कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर असला तर साधारण २५ सेंमीवरचं शार्प दिसतं, +८ ला साडेबारा सेंमीवरचं. मग झूम पूर्ण पुढे नेऊनही काढता येतं, किड्यापासून लांब राहून, सावली न पाडता. दोन काचा जोडलेली अॅक्रोमॅट असेल तर कडांना रंगीत झालर फारशी येत नाही. फक्त एक आहे, त्या अंतरापलीकडचं मग काहीच फोकस होत नाही, तेव्हा कॅमेरा बिघडला म्हणून घाबरून जाऊ नका.

तर संपादकसाहेब, विनंती अशी की कॅमेऱ्यांची माहिती छापताना एक ओळ वाढवा. झूम पूर्ण पुढे असताना कमीत कमी अंतर किती, सगळ्यात लहान किती मिमी रुंदीची जागा फ्रेममध्ये भरते आणि ती कुठल्या झूमला, फोकसची चौकट लहान करता आणि हलवता येते का, मॅन्युअल फोकस आहे का. जागा कमी असेल तर निदान त्या कॅमेऱ्याने मॅक्रोवर काढलेला मोजपट्टीचा एक छोटा फोटो छापा, रेघा मोजून वाचक बाकीचं स्वतः काढतील.

कळावे,
आपला एक नियमित वाचक