द्वारकेला निघण्याआधी एवढं वाचा

पुणे

ती. नाना आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

नाना, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "भक्तनिवासात काँप्युटर असतोच, तिथून घरचं सगळं उघडता येईल ना? पासवर्ड तेवढा सांगून ठेव." मी लगेच हो म्हटलं नाही. तुम्हाला ते लागलं असेल, पण कारण फोनवर धड सांगता येईना, म्हणून हे पत्र. सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा, कारण यातलं अर्धं काम तिच्याकडे आहे.

अमळनेरच्या घरात इन्व्हर्टरशेजारच्या फळीवर जे छोटं यंत्र बसलंय, त्यात काय काय आहे हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत. निवृत्तीनंतरच्या कितीतरी दुपारी तुम्ही त्यात घातल्या. आजीच्या आवाजातली कानबाईची आणि अखाजीची गाणी, शेताच्या वाटणीचे कागद, बँकेची जुनी पासबुकं, आईच्या हृदयाचे रिपोर्ट. आई विचारते ना, "इतलं काय शे त्या डबामा?" आई, गाण्यांची दुसरी प्रत माझ्याकडे आहे, ती हरवायची भीती नाही. मला धास्ती आहे ती वाटणीचे कागद, खात्यांचे नंबर आणि नानांच्या सह्या भलत्याच माणसाच्या हाती लागण्याची.

परक्या काँप्युटरवर जे टाइप कराल ते कुणीतरी वाचतंय असंच धरून चाला. तिथे फक्त तेवढंच टाइप करायचं, जे वाचलं तरी त्या माणसाला उद्या त्याचा काही उपयोग होणार नाही. बाकी सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे.

तुम्ही म्हणाल, पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं की, मग भीती कसली? ते कुलूप ब्राउझरपासून आपल्या सर्व्हरपर्यंतच्या, म्हणजे घरच्या त्या यंत्रापर्यंतच्या वाटेचं आहे. कळफलकापासून ब्राउझरपर्यंतची वाट त्याच्या आधीची. तिथे कुणी बसलं असेल तर कुलपाला पत्ताही लागत नाही. शिवाय मालकाने त्या यंत्रात स्वतःचं प्रमाणपत्र (ब्राउझर ज्यावर विश्वास ठेवतो तो ओळखीचा दाखला) घालून ठेवलं असेल, तर मधेच सगळं उघडून वाचलं जातं आणि कुलूप तसंच दिसत राहतं. कळा टिपणारा प्रोग्राम असतो, तशीच कळफलकाची वायर आणि काँप्युटरचा डबा यांच्या मधे खोचायची बोटाच्या पेराएवढी वस्तूही मिळते. ती अँटिव्हायरसला दिसत नाही, कारण ती प्रोग्रामच नाही.

हे आजचं नाही. १९८४ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतले टाइपरायटर तपासले, तेव्हा आयबीएमच्या १६ सिलेक्ट्रिक यंत्रांमध्ये दडवलेली उपकरणं निघाली. कोणती कळ दाबली हे ती टिपायची आणि रेडिओलहरींवर बाहेर पाठवायची. कित्येक वर्षं कुणाला संशयही आला नव्हता. जिथे रात्रंदिवस पहारा असतो तिथे हे घडलं, तर बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत कळफलकाच्या मागे कोण डोकावणार? कॅफेवाला वाईटच असतो असं मी म्हणत नाही. २०११ च्या नियमांप्रमाणे त्याला तुमचं ओळखपत्र पाहावं लागतं, नोंदवही ठेवावी लागते आणि कोणती संकेतस्थळं उघडली त्याची नोंद वर्षभर जपावी लागते. तो प्रामाणिक असेलही. पण तुमच्याआधी त्या खुर्चीवर कोण बसून गेलं, याची हमी तोसुद्धा देऊ शकत नाही.

यावर लोक जे उपाय सांगतात त्यांच्यावर विसंबू नका. खासगी विंडो उघडली की त्या यंत्रावर इतिहास राहत नाही एवढंच, कळा टिपायच्या थांबत नाहीत. पडद्यावरच्या कळफलकावर माउसने अक्षरं टिपली, तर पडद्याचे फोटो काढणारे प्रोग्राम आहेत. पासवर्ड उलटसुलट क्रमाने टाइप करून अक्षरं जागच्या जागी सरकवणं हाही त्यातलाच प्रकार.

मग उपाय काय? नाना, इथे तुमच्यातला गणिताचा मास्तर खूश होईल. १९८१ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या गणितज्ञाने एक सुंदर युक्ती मांडली. असं एक फल (फंक्शन) घ्यायचं की क्ष वरून फ(क्ष) चटकन निघावं, पण फ(क्ष) वरून क्ष काढणं कुणालाच परवडू नये. आता एका गुप्त संख्येवर तेच फल लागोपाठ १००० वेळा लावायचं आणि शेवटचं उत्तर सर्व्हरकडे ठेवायचं. आत जायचं तेव्हा तुम्ही ९९९ व्या पायरीचं उत्तर द्यायचं. सर्व्हर त्यावर फल एकदा लावतो, जुळलं की दार उघडतो आणि आता १००० व्याच्या जागी ९९९ वं उत्तर ठेवतो. पुढच्या वेळी ९९८ वं लागणार. चोराने ९९९ वं ऐकलं असलं तरी ९९८ व्यापर्यंत जायला त्याला फल उलटं फिरवावं लागेल, आणि तेच तर जमत नाही. गंमत म्हणजे सर्व्हरमधलं उत्तर चोरलं तरीही उपयोग नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधनसंस्थेने यावरून 'एस-की' नावाची पद्धत केली. तेव्हा लोक अशा उत्तरांची यादी छापून खिशात ठेवायचे आणि वापरलेल्या ओळीवर काट मारायचे.

आज पासवर्डनंतर टाकायला तुमच्या फोनमधल्या ॲपमध्ये जे सहा आकडे बदलताना दिसतात, ती याच घराण्यातली, पण वेगळी रीत. तिचं प्रमाण २०११ मध्ये ठरलं. तुमच्या फोनमध्ये आणि घरच्या सर्व्हरमध्ये एकच गुप्त संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासून ३० सेकंदांचे किती तुकडे गेले ते दोघंही मोजतात, त्या मोजणीची गुप्त संख्येशी घुसळण करतात आणि त्यातून सहा आकडे काढतात. दोन्हीकडचे जुळले की झालं. याला इंटरनेट लागत नाही, रेंजही लागत नाही. फोन विमान मोडवर असला तरी आकडे येतात, घड्याळ तेवढं बरोबर हवं. म्हणून फोनमधली 'स्वयंचलित वेळ' बंद करू नका. बँकेचा ओटीपी एसेमेसने येतो, तो सिमकार्डावर अवलंबून असतो. हा तसा नाही.

एक गोष्ट मात्र या गणिताने सुटत नाही. आकडे तुम्हाला आत सोडतात, पण तुम्ही आत असताना ते परकं यंत्रही तुमच्याबरोबर आतच असतं. पडद्यावर जे उघडाल ते त्याला दिसू शकतं. म्हणून मी घरच्या यंत्रावर तुमच्यासाठी 'प्रवास' नावाचं वेगळं खातं केलंय. त्यात एकच फोल्डर दिसतो: तिकिटांच्या आणि बुकिंगच्या प्रती, आईची औषधं आणि शेवटचे रिपोर्ट, नातेवाइकांचे फोन नंबर, आणि दोघांना ऐकायला आजीची थोडी गाणी. तिथून काही पुसता येत नाही, बदलता येत नाही, आणि वाटणीच्या कागदांपर्यंत वाटच जात नाही. परक्या काँप्युटरवर फक्त हे खातं. तुमचं नेहमीचं खातं बाहेरून उघडणारच नाही, मी ते दार बंद केलंय. रागावू नका.

आणि ई-मेल कुठेही उघडू नका. बँक उघडू नका हे तुम्हाला माहीत आहे, पण मेल त्याहून वाईट. 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की सगळ्या ठिकाणची चिठ्ठी मेलवरच येते. मेल गेला की सगळंच गेलं.

मला विचाराल तर हे प्रवास खातंही अडीअडचणीसाठीच ठेवा. तुम्हाला भक्तनिवासातला काँप्युटर हवाय तो मोठ्या पडद्यासाठी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनवर बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून. तर दादाचा जुना टॅब घेऊन जा. तो मी तयार करून दादाकडे पाठवलाय. त्यात आणि तुमच्या फोनमध्ये वायरगार्ड नावाचं ॲप आहे. त्यातल्या बटणाला हात लावलात की घरापर्यंत स्वतःचा बंद बोगदा तयार होतो. त्याची किल्ली त्या उपकरणातच राहते, कुठे टाइप करावी लागत नाही, म्हणून टिपलीही जात नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याने कितीही हाका मारल्या तरी वायरगार्ड उत्तरच देत नाही, तिथे काही आहे हेसुद्धा कळू देत नाही. भक्तनिवासाच्या वायफायवरूनही हे चालेल. आपल्या इंटरनेटवाल्याने घराला बाहेरून सापडेल असा स्वतंत्र पत्ता दिलेला नाही, एकाच पत्त्यामागे पुष्कळ घरं आहेत. म्हणून मी भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतलाय आणि घरचं यंत्र आतून त्याला जोडलेलं राहतं. वीज गेली आणि इन्व्हर्टरही उतरला तर बंद पडेल, वीज आली की आपोआप उठेल. त्यासाठी शेजारच्या काकूंना जिना चढायला लावू नका.

आई, आता तुझं काम. फोन हरवला किंवा बिघडला तर सहा आकडे कुठून आणणार? त्यासाठी दहा कोड छापून पाठवलेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो. वापरला की पेनने खोडायचा. हा कागद तुझ्या बटव्यात राहील. त्यावर नाव, पत्ता, पासवर्ड काही लिहायचं नाही. पासवर्ड नानांच्या डोक्यात आणि कागद तुझ्याकडे, म्हणजे बटवा गेला तरी एकट्या कागदाने काही उघडत नाही. नानांनी "दे, माझ्या पाकिटात ठेवतो" म्हटलं तरी देऊ नकोस.

तुझ्या ईसीजीची आणि औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स मात्र पिशवीत वेगळी ठेव. मध्यरात्री दवाखान्यात गेलात तर कुणी सर्व्हर शोधत बसू नये. कागद समोर ठेवला की डॉक्टरचं काम सुरू होतं.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल दोन शब्द, कारण प्रवासात परका काँप्युटर जास्त तिथेच भेटतो. दुकानदार म्हणेल, "व्हॉट्सॲप वेब उघडा आणि कोड स्कॅन करा." करू नका. स्कॅन केलं की त्याचा काँप्युटर तुमच्या खात्याला जोडला जातो, आणि तुम्ही बाहेर पडलात तरी जोडलेलाच राहू शकतो. त्याऐवजी ज्या एका फाइलची प्रिंट हवी तिचीच दुवा-चिठ्ठी (लिंक) करा. घरच्या यंत्रावरच्या फाइली ज्यात उघडतात त्या आपल्या नेक्स्टक्लाउडमध्ये फाइलपुढच्या 'शेअर'वर जाऊन मुदत दुसऱ्या दिवसाची ठेवता येते, पासवर्डही लावता येतो. जमलं नाही तर मला फोन करा, मी इथून करून पाठवते. प्रिंट निघाली की उतरवलेली फाइल त्याच्यासमोरच पुसायला सांगा, संकोच नको. लॉजवर आधार मागितलं तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालेल का ते आधी विचारा. ती आधारच्याच संकेतस्थळावरून काढून मी फोल्डरमध्ये ठेवली आहे.

परकं यंत्र वापरलंतच तर 'लॉग आउट' करा, खिडकी नुसती बंद करू नका, आणि मला कळवा. मी इथून त्या खात्याची उघडी राहिलेली सत्रं तोडते आणि पासवर्ड बदलते. नवा पासवर्ड तुम्हाला फोनवर सांगेन.

फोन चोरीला गेला तर पहिला फोन मला, कुणाच्याही फोनवरून. माझा आणि दादाचा नंबर तुम्हा दोघांना पाठ आहे, तो सोडू नका. मी त्या फोनची किल्ली सर्व्हरवरून काढून टाकली की त्याच्यासाठी घर बंद. मग सिम बंद करा आणि पोलिसांत तक्रार द्या. त्या तक्रारीवर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरून फोनच निकामी करता येतो, ते मी करीन. पैसे गेल्यासारखे वाटले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

शनिवारी एक काम करा. सुरतेची गाडी रविवारी आहे, म्हणजे काही अडलं तर मला एक दिवस मिळतो. दादाच्या दुकानातल्या काँप्युटरवर बसा. फोन बंद करून दादाकडे द्या, तो हरवला असं समजा. प्रवास खात्याचा पासवर्ड टाका, आईच्या कागदावरचा पहिला कोड टाका, आईचा शेवटचा रिपोर्ट उघडा, त्याची प्रिंट काढा, लॉग आउट करा. मग तोच कोड मुद्दाम पुन्हा टाकून पाहा, तो नाकारला गेला पाहिजे. नाकारला नाही तर मला लगेच कळवा, तिकीट असलं तरी निघू नका. आणि आई, तो कोड खोडायला विसरू नकोस.

तुमची,
ताई