मेस्त्री, नाव छापू नका म्हणालात, म्हणून हे असं पत्र

मेस्त्री,
सप्रेम नमस्कार.

नाव-नंबर कुठे टाकू नका, आहेत तीच कामं उरकत नाहीत, असं तुम्ही बजावलंत. म्हणून नुसतं मेस्त्री. गिरगावात वाद्यं घेऊन फिरणाऱ्यांना कळायचं ते कळेलच.

बाबांचा बेस, म्हणजे बेस गिटार, वाजायला लागला. फोनवर एवढंच सांगता आलं, पुढे मला बोलवेना, आणि तुम्ही ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणून मोकळे झालात. राहिलेलं इथे लिहिते.

बेस रिकनबॅकर कंपनीचा, मॉडेल 4001, 1974 चा, कॅलिफोर्नियात सांता ॲनाला बनलेला. बाबांनी तो बोटीवर असलेल्या एका गोवेकर मित्राकडून हप्त्याहप्त्याने घेतला. तेव्हा असं वाद्य दुकानात जाऊन घ्यायची सोय कुठली, यायचं ते खलाशाच्या सामानातून. आईच्या पाटल्या त्यात गेल्या, हा विषय आमच्याकडे दर दिवाळीला निघतो. मग वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रा: गणपतीचे मंडप, शिवाजी मंदिर, लग्नाचे हॉल. पंचमदांकडे टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या गाण्यांतला बेस बाबा आम्हाला तोंडाने म्हणून दाखवायचे आणि आम्ही म्हणायचो, बाबा, गाणं म्हणा ना.

गेल्या पावसाळ्यात त्याची नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, वाकली. चार तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास जातो. तो सोसायला नेकच्या पोटात पोलादी ट्रस रॉड असतो. बहुतेक बेसना एक, या बाईसाहेबांना दोन. तेही साधे नव्हेत, केसांतल्या आकड्यासारखी मधोमध दुमडलेली चपटी पट्टी. या जुन्या 4001 ची रीतच वेगळी: आधी नेक हाताने दाबून सरळ करायची, मग नट आवळून तिला तिथे धरायचं. नुसत्या नटाच्या जोरावर नेक ओढायला गेलात तर फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेली फळी, उखडतो, नाहीतर रॉड जातो. मला हे तुमच्यामुळे कळलं. बेस दुरुस्तीची पाटी लावून बसलेल्यांना आधीच ठाऊक असायला हरकत नव्हती.

उपनगरातल्या एका चकचकीत दुकानात एका पोराने फोनवर बोलता बोलता पाना लावला आणि फिरवला. कट्. बाबा माझ्या शेजारी उभे होते. पोरगा मान वर न करता म्हणाला, “अंकल, ह्युमिडिटी.” दुसरीकडे सल्ला मिळाला की नेकच बदला, चायनीज स्वस्तात मिळते. अहो, या बेसची नेक आणि बॉडीचा मधला भाग एकच, आरपार गेलेला. बदलायची म्हणजे काय, करवतीने बेस उभा चिरायचा? आणखी एक गृहस्थ तर फार प्रेमळ निघाले. “एवढं जुनं वाद्य, भिंतीवर लावा, छान दिसेल. पॉलिश मी फुकट करून देतो.” त्या दिवशी टॅक्सीत बाबा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तुम्ही मात्र बेस बघून म्हणालात, “हे मी कधी उघडलेलं नाही. आठ दिवस द्या, वाचतो, विचारतो, मग जमेल की नाही ते सांगतो.” वडील मिरजेचे सतारमेकर, तुमचा स्वतःचा हात तंबोऱ्याच्या जवारीवर बसलेला, आणि तरी सरळ सांगितलंत. माझा जीव तिथेच भांड्यात पडला.

रॉडच्या कामाचं कौतुक वाजवणारे करतील. पट्टी तुम्ही स्वतः घडवलीत, इंची आट्यांच्या नटासाठी नागदेवी स्ट्रीट पालथी घातलीत, त्यातलं मला फार कळत नाही. मला लिहायचंय ते टेपविषयी.

नेकच्या मागे, खालच्या फ्रेटच्या बाजूला, बाबांच्या अंगठ्याने पॉलिश उडालेली एक जागा आहे. लांबट, बोटभर रुंद. मेपल तिथे घामाने करडं पडलंय, आणि कडेवरून नख फिरवलं तर पॉलिशची पायरी लागते. आधी जिथे जिथे गेलो तिथे ती जागा ‘डॅमेज’ होती आणि जो तो ती घासायला टपलेला. तुम्ही बेस उलटा केलात, तुमचा अंगठा तिथे टेकवून पाहिलात आणि बाबांना विचारलंत, “ही तुमची ना?” बाबा हो म्हणाले. मग तुम्ही खणातून कागदी टेप काढलीत, जागा झाकलीत आणि वर बॉलपेनने लिहिलंत: हात लावू नये. तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच पोरांसाठी.

मध्ये मी येऊन गेले तेव्हा बेस क्लॅम्पमध्ये होता. तारा उतरवलेल्या, नेकच्या टोकाला हेडस्टॉकच्या तोंडाशी रॉडची दोन्ही भोकं रिकामी. टेप जागेवर होती. पहिलीची कड सुटली असावी, कारण तिच्यावर दुसरी चिकटवलेली आणि पुन्हा तेच लिहिलेलं, तुमच्याच अक्षरात.

ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हापासून बाबांच्या वाजवण्याची खूण म्हणावी असं घरात काही नाही. रेकॉर्डिंग नाही. फोटो आहेत, त्यात ते मागे, ड्रमच्या आड. आहे ती ती जागा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही तर नक्कीच नाही.

मोडका रॉड तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिलात. त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरून दाखवलंत: अर्धं काळं, गंजलेलं, अर्धं चकचकीत. म्हणजे चीर जुनीच होती, त्या पोराने उरलेलं तोडलं. “सगळा दोष त्याचा नाही,” म्हणालात. मला तो सगळा त्याचाच हवा होता, पण असो.

अशी माणसं या शहरात अजून आहेत, मेस्त्री, फक्त त्यांचे बोर्ड लहान असतात. दादरला एक घड्याळवाले आहेत, घड्याळ नुसतं पुसून चालू झालं तर पैसे घेत नाहीत. परळच्या आमच्या शिंप्याने एकदा माझा ब्लाऊज परत पाठवला, “हे कापड उसवेल, मी शिवणार नाही” म्हणून. या लोकांना पाच तारे द्यायला कुणी जात नाही आणि ते मागतही नाहीत. आम्ही मात्र आधी तारे मोजून त्या चकचकीत दुकानात जातो.

आता भांडण. बिलात एकाच रॉडचे पैसे लावलेत. दुसरा ‘नुसता सरळ केला’ म्हणून फुकट, आणि फ्रेट घासून एकसारखे केलेत ते तर कुठे दिसतच नाही. हे चालणार नाही. गणपतीत आमच्या मंडळात बाबा वाजवणार आहेत, त्यांच्या ऑर्केस्ट्रातले जे अजून हिंडते-फिरते आहेत तेही येतील. तुम्ही कारखान्यातल्या पोरांना घेऊन जेवायलाच या. राहिलेले पैसे आई देईल, तिच्याशी काय वाद घालायचा तो तुम्ही घाला.

येताना पाना मात्र आणू नका. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, आणखी थोडी खाली येईल का, असं बाबा कालपासून विचारतायत. येणार नाही म्हणून सांगा.

आपली,
बेसवाल्याची मुलगी