लाल फितीच्या आधी काय होते?

महोदय,

‘नोकरशाही’ हा शब्द आपण हल्ली शिवीसारखाच वापरतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८६४–१९२०) यांनी तिची लक्षणे मांडली, तेव्हा तुलना होती ती मर्जीवर चालणाऱ्या कारभाराशी. तिथे पद ओळखीने मिळे, कुठे कुठे तर चक्क विकत. त्याऐवजी पात्रतेवर नेमणूक, ठरावीक पगार, कामाची वाटणी, वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड, लेखी नियम आणि नोंदी. खुर्ची बसणाऱ्याच्या मालकीची नाही, हा मला त्यातला सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो.

मी स्वतः बरीच वर्षे कारकुनी केली. फायलीवर ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा पडून ती खाली यायची. कोणी कोणाशी चर्चा करायची, हे काही ठरत नसे आणि फाईल महिनाभर टेबलावर. नियम मात्र एकही मोडलेला नसे! साधन असलेला नियमच साध्य होऊन बसतो, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४० मध्येच दाखवले होते.

तरीही ‘नियमच नकोत’ म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते, तोंडी हुकमाविरुद्ध अपील कुठे करणार?

– एक निवृत्त कारकून