काठमांडूहून पौषातले पत्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. बाबा, तुम्ही भूकंपाचे पुन्हा विचारले आहे; माझी खोली २०१५ च्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेल्या इमारतीत आहे, हे मी मागेही लिहिले होते. थंडीला आईची गोधडी पुरते आणि जेवणाची आबाळ मुळीच नाही.

मी नेमके काय करते हे शेजाऱ्यांना सांगता येत नाही असे आईने लिहिले, म्हणून सविस्तर कळवते. जुन्या छायाचित्रांवरची धूळ आणि बुरशी काढून त्यांच्या नोंदी करणे, हे माझे काम. सध्या माझ्यापुढे इंग्रज राजघराण्यातले पाहुणे नेपाळच्या तराईत, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सखल जंगलपट्ट्यात, शिकारीला आले, त्या वेळची चित्रे आहेत. फेब्रुवारी १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले, तेव्हा यजमान नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा होते. ज्यांनी १८५७ च्या उठावात इंग्रजांना फौज दिली आणि नंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरच्या बायकांना आसराही दिला, तेच हे जंगबहादूर. त्या काळी काचेवर रसायन ओले असेतोच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे, त्यामुळे धावता वाघ कोणाला टिपता येत नसे. चित्रांत दिसतात ते मारून ओळीने मांडलेले वाघ. एका चित्रात हत्तीने कान हलवल्यामुळे कानांच्या जागी नुसता धूर दिसतो, आणि मानेवरचा माहूत मात्र इतका स्थिर बसला आहे की त्याच्या मुंडाशाच्या घड्या मोजता येतात. पाहुण्यांची नावे खाली लिहिलेली आहेत, त्याचे नाव कुठेच नाही. मी नोंदीत निदान ‘माहूत’ हा शब्द तरी आवर्जून लिहिते.

इथली एक रीत तुम्हाला समजावून सांगायलाच हवी, कारण तिने माझा पहिला महिना खाल्ला. एका अल्बमवर १९६८ साल पाहून मी तो पार चुकीच्या कपाटात ठेवला होता. इथे सगळा व्यवहार विक्रम संवताने चालतो, बँकेतसुद्धा. पण गुजरातेसारखे वर्ष दिवाळीला बदलत नाही, ते एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात बदलते. महिने सूर्याचे, म्हणून पौष डिसेंबरच्या मध्याला लागतो, आपल्यासारखा अमावास्येनंतर नाही. आणि महिना कधी २९ दिवसांचा तर कधी ३२ दिवसांचा, तोही दर वर्षी तेवढाच असेल असे नाही, म्हणून पंचांग उघडल्याशिवाय तारीख जुळत नाही. म्हणजे १९६८ चा पौष हा आपला डिसेंबर १९११.

त्या महिन्यात दिल्ली दरबार आटोपून पंचम जॉर्ज तराईतल्याच चितवनला आले. सहाशेहून अधिक हत्तींचे रिंगण करून ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वले मारली गेली. नेपाळचे राजे पृथ्वी वीर विक्रम ११ डिसेंबरला वारले होते, गादीवर पाच वर्षांचे मूल आले होते, तरी आठवड्याभरात पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी ठरलेली शिकार सुरू केली. ही तारीख लिहिताना माझा हात थांबला. आजीच्या वर्षश्राद्धालाही मी इथे कामच करत होते. रजा मिळाली नाही असे तुम्हाला सांगितले, पण मी ती नेटाने मागितलीही नव्हती. त्याच चितवनमध्ये २०२१ च्या गणतीत ६९४ गेंडे निघाले, हे आजीला सांगायला हवे होते.

दादाच्या हप्त्याचे पैसे पाठवले आहेत. आपल्या शंभर रुपयांचे इथे १६० होतात, तेव्हा माझ्या पगाराचा आकडा मामांना सांगताना तेवढे ध्यानात असू द्यावे. घराच्या गिलाव्याचे वैशाखापर्यंत जमवते, म्हणजे आपल्या एप्रिलपर्यंत.

कोल्हापूरच्या स्थळाबद्दल आईने तीनदा लिहिले. मी नाही म्हटलेले नाही. अल्बम पुरे झाल्यावर येते आणि त्यांना भेटते. त्यांनी मागितलेला फोटो सोबत पाठवला आहे, मागे माझे नाव आणि दोन्ही सालांतली तारीख लिहिली आहे.

तुमची,
छोटी