बाळ हसायला लागलंय, आता खेळायचं कसं

चि. सोनालीस आईचे अनेक आशीर्वाद.

खेळण्यांची यादी मागितलीस, ती पाठवत नाही. बारा आठवड्यांच्या पोराला लागतं ते सगळं घरात आहे. आणि शेजारचं बाळ याच वयात खिदळतं, आपलं नुसतं गालात हसतं, हा घोर आधी सोड. तो चार आठवडे आधी आलाय, तेव्हा हसण्या-बोलण्याचा हिशोब डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरायचा, म्हणजे तो आठच आठवड्यांचा. झोपेत सटवाई हसवते म्हणतात ते हसू आपोआप येतं. माणूस बघून येणारं हसू साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. आवाज काढून हसायला चौथा महिना उजाडतो. त्याचं अगदी वेळेवर चाललंय.

खेळायची वेळ त्यालाच ठरवू दे. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, डोळे टक्क उघडे आणि हातपाय शांत, असा असेल तेव्हाच घे. मालीश-अंघोळीनंतर नको, तेव्हा तो दमलेला असतो. भिंतीला टेकून बस, गुडघे उभे कर आणि मांड्यांवर त्याला पाठ टेकवून ठेव, मानेमागे हात हवाच. तुझा चेहरा त्याच्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, म्हणजे वीत-दीड वीत. या वयात त्याला तेवढंच स्पष्ट दिसतं. खिडकी तुझ्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. भुवया उंचाव, ‘अगूऽऽ’ म्हण आणि गप्प राहा. सगळे चुकतात ते इथे. त्याला उत्तर जुळवायला काही सेकंद लागतात, कधी दहाही. तेवढ्यात आपण खुळखुळा वाजवतो, टिचकी मारतो, आजी मागून टाळ्या पिटते, आणि त्याचा ओठांपर्यंत आलेला हुंकार तिथेच राहतो. थांबलीस तर तो तोंड उघडेल, जीभ हलवेल, एखादा ‘ऊं’ काढेल. तोच आवाज त्याला परत दे. एकदा तू, एकदा तो, हीच पुढच्या बोलण्याची तालीम.

त्याने मान वळवली, जांभई दिली, बोटं फाकवली किंवा पाठ ताठ केली, की त्याचं ‘पुरे’. चेहरा घेऊन त्याच्या नजरेमागे फिरू नकोस. बहुतेक वेळा तो दम खाऊन आपणहून परत बघतो, नाही बघितलं तर खेळ संपला. ‘आत्ता हसत होता, एकदम रडायला काय झालं?’ याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

मोबाइलचंही सांगते. १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयांना बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळांनी हसून, हात हलवून आईला खुलवायचा प्रयत्न केला, मग तोंड फिरवलं आणि रडं काढलं. स्क्रीनकडे बघताना आपला चेहरा तसाच होतो. दिवसभर हसरी राहा असं कोणी म्हणत नाही, पण खेळायच्या त्या दहा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असू दे.

दुसरा खेळ पालथं घालायचा. जमिनीवर चटई, वर घट्ट घडीची गोधडी. गादी नको, तोंड रुतू शकतं. दूध पिऊन अर्धा तास झालेला असावा. काखेखाली, छातीशी टॉवेलची बारीक गुंडाळी दे, कोपरं खांद्यांच्या रेषेत आण आणि तू समोर पालथी पडून डोळ्याला डोळा दे. दोन-तीन मिनिटांपासून सुरू कर. मान पडायला लागली की उचल, रडेपर्यंत ताणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांप्रमाणे दिवसभराचं मिळून किमान अर्धा तास व्हायला हवं, तिथवर हळूहळू जा. मान-खांद्यांत जोर येतो आणि मागून डोकं चपटं होत नाही. सासूबाईंना मोहरीच्या उशीचं हे उत्तर गोडीत सांग. वर्षाच्या आत उशीच नको, मोहरीची तर नकोच. पालथा झोपला तर लगेच उताणा कर.

पाळण्यावर टांगतं चिमणाळं बांधलंयस ते डोळ्यांवर नको, छातीच्या वर हातभर सरकव. तो हातावर उठायला लागला की काढून टाक. मनगटातले काळे मणी आत्ताच काढ, कारण मूठ आता तोंडात जाणार आणि दोरा तुटायला वेळ लागत नाही. तीन सेंटिमीटरहून लहान काही जवळ नको. हवेत उडवणं, गदगदा हलवणं कोणालाच करू देऊ नकोस, घरातल्या मोठ्यांनाही नाही. मेंदूला इजा होते. गुदगुल्याही नकोत. त्यात येणारं हसू आनंदाचंच असतं असं नाही आणि ‘थांब’ म्हणणं त्याच्या हातात राहत नाही.

पदराआडून ‘भोऽऽक’ करायची घाई नको, त्याची खरी गंमत सातव्या-आठव्या महिन्यात. वॉकर कोणी आणला तर माळ्यावर टाक. त्याने चालणं लवकर येत नाही, पोरं पायऱ्यांवरून मात्र पडतात. कॅनडात २००४पासून त्यावर बंदीच आहे.

चौदाव्या आठवड्याची लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, चार आठवडे वजा करू नकोस. तेव्हा डॉक्टरांना सांग: तो चेहऱ्यामागे नजर फिरवतो का, मोठ्या आवाजाला दचकतो का, आणि हसू माणसाला बघून येतं का. यातलं काही होत नसेल तर पुढच्या लशीपर्यंत थांबू नकोस, त्याच दिवशी डोळे आणि कान तपासून घे.

तुझी,
आई