मैदानांनाही पाणी धरू द्या

मा. संपादक यांस,

मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नवी मुंबईत वाशी, सानपाडा, कोपरखैरणेच्या सखल भागांत पाणी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी नालेसफाईवरून वाद रंगतो. नालेसफाई हवीच. पण खाडीचीच पातळी वर असताना स्वच्छ नाल्यातले पाणी तरी जाणार कुठे? ओहोटी लागेपर्यंत ते शहरातच कुठेतरी धरून ठेवावे लागते.

हे शहर उभारणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून नोड, म्हणजे शहराचे विभाग, वसवले, तेव्हा डच पद्धतीचे धारण तलाव त्यासाठीच बांधले. भरती चढली की तलावाच्या तोंडावरच्या झडपा बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी आत साठते आणि ओहोटीला खाडीत उतरते. झडप नीट मिटली नाही, तर भरती गाळ आणि खारफुटीची रोपे घेऊन आत शिरते. आज या तलावांच्या काठाने फिरताना पाण्यापेक्षा गाळ आणि झाडीच जास्त दिसते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ते योग्यच आहे. त्यामुळे गाळ काढायचा तर आधी न्यायालयाची परवानगी लागते, आणि त्यात पावसाळ्यामागून पावसाळे जातात.

म्हणून सगळी भिस्त तलावांवर ठेवू नये. एक हेक्टरचे मैदान अर्धा मीटर खोलगट केले, तर त्यात ५० लाख लिटर पाणी मावते. रॉटरडॅमला २०१३ साली असाच एक चौक खुला झाला. एरवी मुले तिथे खेळतात, पावसात तो पाणी धरतो. आपल्याकडे उलटे चालते. सुशोभीकरण म्हटले की मैदानात भराव पडतो, कडेने पेव्हर ब्लॉक बसतात आणि तिथले पाणी थेट रस्त्यावर येते.

खाडीला लागून मात्र खोदून फारसा उपयोग नाही, तिथे जमिनीखालचे पाणी आधीच वर असते. पारसिकच्या डोंगरातून उतरणारे नाले सखल सेक्टरांत पोचण्याआधी, वरच्या अंगाच्या मैदानांत आणि उद्यानांत त्यांचे पाणी अडवायला हवे. सांडपाण्याचा थेंबही तिथे येता कामा नये, नाहीतर मुलांना त्याच घाणीत खेळावे लागेल.

यापुढे मैदान किंवा उद्यानाच्या नूतनीकरणाची निविदा निघेल, तेव्हा ते किती पाणी धरेल हा आकडा तीत लिहिणे पालिकेने बंधनकारक करावे. आणि उरलेले मोकळे भूखंड इमारतींसाठी विकणे आता थांबवावे.

– एक रहिवासी, कोपरखैरणे