अन्ननलिकेच्या कर्करुग्णांसाठी मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

परळ-लालबागमध्ये राहणाऱ्या आपल्याला टाटा रुग्णालयाकडे निघालेले रुग्ण रोज रस्त्यात भेटतात. खांद्याला स्कॅनच्या फिल्मची पिशवी, नाकात नळी, सोबत मुलगा नाहीतर जावई. त्यांतल्या अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी मंडळाची रुग्णसाहाय्य समिती यंदा वेगळा निधी उभा करत आहे.

या रोगात आधी भाकरीचा घास अडकतो, मग भात अडकतो, शेवटी पाणीही उतरेनासे होते. एवढे झाल्यावर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, होते, तोवर रोग अनेकदा लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे संसर्ग अडवणाऱ्या ज्या छोट्या ग्रंथींना डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात तिथपर्यंत, पोचलेला असतो. अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटरची, पण तिच्या अस्तराखाली या नोडना जोडणाऱ्या बारीक लसिकावाहिन्यांचे जाळे वरपासून खालपर्यंत पसरलेले असते. त्यामुळे छातीतल्या गाठीच्या पेशी मानेतल्या किंवा पोटातल्या नोडमध्ये जाऊन बसतात, कधी मधले नोड चक्क वगळून.

आणि पुढचा बराचसा उपचार रोग किती पसरलाय यावरच ठरतो. गाठ अगदी वरच्या अस्तरातच असेल, तर काही वेळा ती एंडोस्कोपीतूनच काढता येते. ती अस्तराखालच्या थरात उतरली की नोडमध्ये रोग जाण्याची शक्यता बरीच वाढते आणि मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळत नाही. रोग त्याही पुढे गेला असेल, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेआधी केमो, अनेकांना जोडीला रेडिएशनही. आधी केमो-रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया झालेले रुग्ण नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा जास्त काळ जगतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीने दाखवून दिले.

नोडमध्ये रोग आहे की नाही हे ओळखणे मात्र सोपे नाही. सीटी स्कॅन मुख्यतः आकार बघतो, आणि रोग लहान नोडमध्येही दडलेला असू शकतो. उलट आपल्याकडे टीबीनेही छातीतले नोड सुजतात आणि पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारखेच चमकतात. म्हणून संशोधक गाठीत किंवा रक्तात काही खुणा सापडतात का ते पाहत आहेत. यांनाच बायोमार्कर म्हणतात. लसिकावाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ-सी हे प्रथिन, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन, रक्तात सापडणारी एससीसी अँटिजेन आणि सायफ्रा २१-१ ही प्रथिने, जनुकांचे काम कमी-जास्त करणारे मायक्रो-आरएनएचे छोटे रेणू अशा कितीतरी खुणांवर काम चालू आहे. आज यांतली कोणतीही एक खूण एकटीच्या भरवशावर नोडचा निर्णय देऊ शकत नाही. तेव्हा कोणी नुसत्या रक्ताच्या तपासणीवर ‘पसरलाय की नाही ते नक्की सांगतो’ म्हणत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, ही कळकळीची विनंती.

गाठीच्या तपासण्यांत एका वस्तूची फार गरज लागते, ती म्हणजे पॅराफिन ब्लॉक. काडेपेटीहून लहान मेणाची वडी, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेली, कडेला नंबर लिहिलेला. बायोप्सीत गाठीतून काढलेला तुकडा त्यात जपलेला असतो. गावाकडून येणारे रुग्ण रिपोर्ट आणतात, पण ब्लॉक जिल्ह्याच्या लॅबमध्येच राहतो. गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका शेतमजुराच्या मुलाला तेवढ्यासाठी रात्रीच्या एसटीने परत जावे लागले. तिकिटाचे पैसे त्याने धर्मशाळेत शेजारी उतरलेल्या एका बाईंकडून उसने घेतले होते. वडिलांना इथे पेजसुद्धा नळीतूनच द्यावी लागत होती, आणि ती द्यायला मागे कोणी नव्हते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार हलका होतो. तरी नातेवाइकाचा प्रवास, राहणे, नळीतून देण्याचा प्रथिनयुक्त आहार हा खर्च घरच्यांवरच पडतो. निधी आम्ही यासाठीच वापरणार आहोत. ब्लॉक आणि स्लाइड (त्याच तुकड्याच्या काचपट्ट्या) आणण्याचे भाडे आम्ही सगळ्यात आधी देऊ, कारण पुन्हा बायोप्सी करावी लागली तर उपचार तेवढे लांबतात आणि रुग्णाचे हाल होतात ते वेगळेच.

शंभर रुपयेही चालतील. ज्यांच्या चाळीत एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी ती महिनाभर द्यावी. चालू स्थितीतला मिक्सर, नवे सीलबंद प्रोटीन पावडरचे डबे, शस्त्रक्रियेआधी श्वासाच्या व्यायामाला लागणारे तीन गोळ्यांचे नवे स्पायरोमीटर हेही हवे आहे. सगळ्यात जास्त गरज आहे ती माणसांची: फॉर्म भरून देणारी, रांगेत उभी राहणारी, दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसणारी. पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांनी जरूर यावे. ब्लॉक मागण्याचे पत्र कसे लिहायचे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

एक खुलासा. मंडळाचा कोणत्याही रुग्णालयाशी अधिकृत संबंध नाही आणि रुग्णालयाच्या नावाने आम्ही पैसे घेत नाही. देणगी मंडळाच्या कार्यालयात येऊनच द्यावी आणि पावती घ्यावी. पावतीशिवाय कोणी घरी येऊन मागितली तर देऊ नये. जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला जाईल. रुग्णांची नावे त्यात नसतील.

आपले,
रुग्णसाहाय्य समिती